फाइलचा उतारा : ‘स्टॅट’ हा सिस्टीम कॉल नेमके काय सांगतो

काही वर्षांपूर्वी हिशोबाच्या फाइली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेऊन त्यांची छाननी करणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला होता. फाइलींची नावे मराठीत होती आणि ‘दुसऱ्या तिमाहीचा हिशोब’ या नावाच्या फाइलपाशी तो प्रोग्रॅम दर वेळी अडत असे. ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ असा संदेश येई, आणि फोल्डर उघडून पाहावे तर फाइल त्याच नावाने समोर दिसे. प्रोग्रॅममधील नाव आणि फोल्डरमधील नाव शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले, तरी दोन्हींत तसूभर फरक आढळेना. हे कोडे सुटायला मला आधी हे नीट समजून घ्यावे लागले की, एखाद्या फाइलबद्दल प्रोग्रॅम जेव्हा चौकशी करतो तेव्हा ती कोणापाशी करतो, उत्तर कोठून येते आणि त्या उत्तरावर किती विसंबता येते. लिनक्स, मॅक आणि युनिक्सच्या घराण्यातील इतर सर्व प्रणालींवर ही चौकशी ‘स्टॅट’ या सिस्टीम कॉलमार्फत होते.

सिस्टीम कॉल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपण चालवतो त्या प्रोग्रॅमला डिस्कला थेट हात लावण्याची मुभा नसते. डिस्क, स्मृती, नेटवर्क हे सारे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ताब्यात असते आणि प्रोसेसर स्वतःच ही शिस्त पाळायला लावतो. प्रोग्रॅमला काही हवे असेल तर तो ठरलेल्या जागी एक क्रमांक आणि सोबतची माहिती ठेवतो व एक विशेष सूचना देतो. त्यासरशी प्रोसेसर प्रोग्रॅमचे काम थांबवून कर्नलच्या अधिकारात शिरतो, काम उरकतो आणि परत येतो. ६४ बिटांच्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या लिनक्समध्ये स्टॅटचा क्रमांक ४ आहे आणि त्याच्या दोन भावंडांचे, एफस्टॅट व एलस्टॅट यांचे, अनुक्रमे ५ आणि ६ आहेत. स्टॅटला दोन गोष्टी द्याव्या लागतात : फाइलचा मार्ग आणि उत्तर लिहिण्यासाठी स्मृतीतील एक रिकामी जागा. काम झाले तर कर्नल ती जागा भरतो आणि ० परत करतो. न झाल्यास हाती −१ येतो आणि कारणाचा क्रमांक वेगळा मिळतो. या सगळ्यात फाइलच्या आतल्या मजकुराचा एकही बाइट वाचला जात नाही, ही गोष्ट आरंभीच लक्षात घेतलेली बरी, कारण पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे.

ही चौकशी युनिक्सइतकीच जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची असून तिच्यात स्टॅट आणि एफस्टॅट हे दोन्ही कॉल आहेत. तेव्हा उत्तराचा आकार अवघा ३४ बाइट होता. आज वर सांगितलेल्या प्रकारच्या लिनक्सवर तोच १४४ बाइट आहे, आणि २०१७ मध्ये आलेल्या ‘स्टॅटएक्स’ या नव्या कॉलने तो २५६ बाइटांपर्यंत नेला आहे. चौकट वाढली, पण १९७१ मध्ये ठरलेला पायाभूत विचार बदललेला नाही. तो असा, की फाइलचे नाव आणि फाइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

शेतजमिनीच्या व्यवहाराशी परिचय असलेल्या वाचकाला हा विचार सहज पटेल. गावात एखाद्या शेताला ‘चिंचेचा मळा’ म्हणतात, दुसरे कोणी त्यालाच ‘ओढ्याकाठचं शेत’ म्हणतात. पण महसूल दप्तराच्या लेखी ते शेत म्हणजे एक गट क्रमांक असतो, आणि क्षेत्र किती, नावावर कोणाच्या, फेरफार कोणता, हे सारे त्या क्रमांकापुढे नोंदलेले असते. युनिक्सच्या फाइलव्यवस्थेत या नोंदीला ‘आयनोड’ म्हणतात. प्रत्येक फाइलचा एक आयनोड असतो, त्याला क्रमांक असतो, आणि मालक, परवानग्या, आकार, वेळा व मजकूर डिस्कवर कोठे आहे याचे ठावठिकाणे त्यात असतात. नाव मात्र आयनोडमध्ये नसते. ते असते डिरेक्टरीत, आणि डिरेक्टरी म्हणजे ‘हे नाव, हा क्रमांक’ अशा जोड्यांची यादी, याहून फारसे काही नसते. स्टॅट हा त्या आयनोडचा उतारा काढून देतो. आणि उतारा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण हाती येते ती मूळ नोंद नसून त्या क्षणीची नक्कल असते.

आता कर्नल नावावरून क्रमांकापर्यंत कसा पोहोचतो ते पाहू. समजा मार्ग ‘मूळ डिरेक्टरी, तिच्यात घर, घरात हिशोब, हिशोबात फाइल’ असा आहे. कर्नल मूळ डिरेक्टरीपासून निघतो, तिच्या यादीत ‘घर’ शोधतो, मिळालेल्या क्रमांकाचा आयनोड पाहतो, ती डिरेक्टरीच आहे ना याची खात्री करतो, मग तिच्या यादीत ‘हिशोब’ शोधतो, आणि असे करत करत शेवटच्या नावापर्यंत येतो. वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीतून पुढे जाण्याची परवानगी आपल्याला असावी लागते. मात्र शेवटच्या फाइलवर आपल्याला कोणतीही परवानगी नसली तरी स्टॅट अडत नाही. जी फाइल वाचण्याचा आपल्याला अधिकार नाही, तिचा आकार, मालक आणि शेवटच्या बदलाची वेळ आपण निर्वेधपणे विचारू शकतो. अनेकांना हे खटकते, पण आयनोडची माहिती ही फाइलपर्यंत पोहोचू शकणाऱ्या सर्वांसाठी खुली असावी, असा युनिक्सचा पहिल्यापासूनचा दृष्टिकोन आहे. गुप्तता हवी असेल तर कुलूप डिरेक्टरीला लावावे लागते.

वाटेत कोठे अडले हे कारणाच्या क्रमांकावरून कळते, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने या कारणांत फरक करायला हवा असे मला कळकळीने वाटते. लिनक्समध्ये क्रमांक २ म्हणजे यादीत ते नाव नाही, १३ म्हणजे वाटेतल्या डिरेक्टरीने अडवले, २० म्हणजे जिला डिरेक्टरी समजून पुढे निघालो ती साधी फाइल निघाली, आणि ४० म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या सिम्बॉलिक लिंकांच्या फेऱ्यात अडकलो. पुष्कळ प्रोग्रॅम −१ दिसला की ‘फाइल नाही’ असा सरसकट निष्कर्ष काढतात. परवानगीअभावी दिसली नाही म्हणून फाइल नाहीच असे धरायचे आणि तिच्या जागी नवी तयार करायला धावायचे, यातून झालेले नुकसान शोधून काढायला फार दिवस लागतात.

माझ्या हिशोबाच्या फाइलीच्या बाबतीत कारण क्रमांक २ होते, आणि कर्नलचे म्हणणे अक्षरशः खरे होते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थांना मराठी कळत नाही, इंग्रजीही कळत नाही. नाव म्हणजे त्यांच्या लेखी बाइटांची माळ, आणि दोन नावे एकच आहेत की नाहीत हे केवळ बाइट जुळवून ठरते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्य युनिकोड या संगणकीय अक्षरसंचात तीन तऱ्हांनी लिहिला जातो : ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, साधा र आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे मिळून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्हींचे रूप एकच दिसते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे पहिल्या तऱ्हेने लिहिलेला ‘दुसऱ्या’ २१ बाइटांचा होतो आणि उरलेल्या दोन्ही तऱ्हांनी तो २४ बाइटांचा होतो. एका यंत्रावरील कळफलकाने एक तऱ्हा वापरली होती, माझ्या प्रोग्रॅममध्ये दुसरी होती. वऱ्हाड, कऱ्हाड, पायऱ्या, सातारच्या बाजूचे वाऱ्याचे पठार, अशी नावे फाइलींना देणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येऊ शकते. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडने समान मानल्या असल्याने नाव प्रमाणरूपात आणणाऱ्या तयार सुविधेने त्या एक होतात. जोडचिन्हाची तिसरी तऱ्हा मात्र तिथे वेगळीच राहते, तिच्यासाठी बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो. मी तो लिहिला, आणि फाइल सापडू लागली. याच हिशोबातून आणखी एक मर्यादा निघते : लिनक्सच्या बहुतेक फाइलव्यवस्थांत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. सरकारी पत्राचा संपूर्ण विषय फाइलचे नाव म्हणून लिहिण्याची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता उताऱ्यातील रकान्यांकडे वळू. पहिले दोन रकाने म्हणजे उपकरणाचा क्रमांक आणि आयनोडचा क्रमांक. आयनोड क्रमांक एका फाइलव्यवस्थेपुरताच एकमेव असतो. पेनड्राइव्हवरही त्याच क्रमांकाचा आयनोड असू शकतो. म्हणून दोन मार्ग एकाच फाइलकडे जातात का, हे ठरवायचे असेल तर दोन्ही क्रमांकांची जोडी ताडावी लागते. नक्कल करणारी ‘सीपी’ ही आज्ञा फाइलची तिच्यावरच नक्कल करायला सांगितली असता नकार देते, तो याच जोडीच्या आधारे. फाइल नाहीशी झाल्यावर तिचा क्रमांक पुढे दुसऱ्या फाइलला मिळू शकतो, एवढे मात्र विसरू नये.

त्यापुढचा ‘मोड’ हा रकाना सर्वांत दाट भरलेला आहे. त्याच्या १६ बिटांत दोन वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. ० ते ७ एवढेच अंक वापरणाऱ्या ऑक्टल पद्धतीत साध्या फाइलचा मोड बहुधा १००६४४ असा दिसतो. सुरुवातीचे १० हे वस्तूचा प्रकार सांगतात, म्हणजे ही साधी फाइल आहे. डिरेक्टरी असती तर तेथे ४ आले असते आणि सिम्बॉलिक लिंक असती तर १२. शेवटचे ६४४ म्हणजे परवानग्या : पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे गुण धरून त्यांची बेरीज केली की प्रत्येक अंक मिळतो, त्यामुळे ६ म्हणजे वाचणे व लिहिणे, ४ म्हणजे केवळ वाचणे. प्रकार आणि परवानग्या यांच्यामध्ये तीन बिट उरतात, तेही महत्त्वाचे आहेत. सर्वांसाठी खुल्या असलेल्या तात्पुरत्या डिरेक्टरीचा मोड ४१७७७ असतो. तेथे कोणीही फाइल ठेवू शकतो, पण त्यातील १ मुळे दुसऱ्याची फाइल पुसू शकत नाही. मोडची तुलना सबंध आकड्याशी करणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. हव्या त्या बिटांवरचा पडदा तेवढा बाजूला करून तेवढेच बिट पाहिले पाहिजेत, आणि त्यासाठी तयार सुविधाही दिलेल्या आहेत.

मोडनंतर येते लिंकांची संख्या, आणि नाव व नोंद वेगळी ठेवल्याचे खरे फळ येथे दिसते. एकाच आयनोडकडे दोन डिरेक्टऱ्यांतून दोन नावांनी बोट दाखवता येते. यांना हार्ड लिंका म्हणतात आणि त्यांत मूळ कोणती, नक्कल कोणती, असा भेदच नसतो. आपण फाइल ‘पुसतो’ तेव्हा खरे पाहता एक नाव यादीतून काढतो आणि ही संख्या एकाने कमी करतो. ती ० झाली आणि कोणत्याही प्रोग्रॅमने ती फाइल उघडून धरलेली नसली, तरच जागा मोकळी होते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना यातून एक विलक्षण अनुभव हमखास येतो. एका ठिकाणी डिस्क भरली म्हणून अवाढव्य लॉग फाइल पुसण्यात आली, डिरेक्टऱ्या मोजणारी ‘डीयू’ ही आज्ञा जागा वापरात नसल्याचे सांगू लागली, पण डिस्कची शिल्लक सांगणारी ‘डीएफ’ डिस्क अजून भरलेलीच दाखवत होती. लॉग लिहिणारा प्रोग्रॅम चालू होता आणि बिननावाच्या त्या फाइलमध्ये लिहीत होता. त्या प्रोग्रॅमने आपल्या हातातील फाइलबद्दल विचारले असते तर लिंकांची संख्या ० आणि आकार कित्येक गिगाबाइट असे उत्तर मिळाले असते. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करताच जागा सुटली.

मालक आणि गट हे रकाने क्रमांकांच्या रूपात असतात, नावांच्या नव्हे; नाव शोधण्याचे काम नंतर वेगळे होते. म्हणूनच दुसऱ्या यंत्रावरून आणलेल्या डिस्कवर कधी कधी मालकाच्या जागी नुसता १००१ असा आकडा दिसतो, किंवा भलत्याच व्यक्तीचे नाव दिसते.

आकाराबाबत दोन वेगळी उत्तरे मिळतात, आणि ती दोन का आहेत हे समजून घेण्यासारखे आहे. एक उत्तर म्हणजे फाइलची लांबी : शेवटल्या बाइटापर्यंत किती बाइट. ज्या फाइलमध्ये केवळ ‘मराठी’ हा शब्द आहे तिची लांबी १५ बाइट, कारण म, र, काना, ठ आणि वेलांटी ही पाच चिन्हे. दुसरे उत्तर म्हणजे डिस्कवर खरोखर अडवलेली जागा, आणि ती लिनक्समध्ये ५१२ बाइटांच्या एककांत सांगितली जाते, मग फाइलव्यवस्था प्रत्यक्षात कितीही मोठे तुकडे वापरो. एक्स्ट४ ही फाइलव्यवस्था साधारणपणे ४०९६ बाइटांचे तुकडे देते, म्हणून त्या १५ बाइटांच्या फाइलपुढे ८ एकके दिसतात. उलट प्रकारही घडतो. फाइलमध्ये काही न लिहिता तिची लांबी एकदम १,०७,३७,४१,८२४ बाइट, म्हणजे एक गिगाबाइट, करून टाकता येते; अशा पोकळ फाइलची लांबी भरघोस आणि अडवलेली जागा शून्य असते. आभासी यंत्रांच्या डिस्कफाइली बहुधा अशाच असतात, आणि त्यांची नक्कल करताना पोकळी न ओळखणारा प्रोग्रॅम वापरला तर पोकळीच्या जागी खरोखरीची शून्ये लिहिली जाऊन डिस्क भरते. सिम्बॉलिक लिंकची लांबी म्हणजे तिच्यात लिहिलेल्या मार्गाची लांबी. आणि कर्नलची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’ डिरेक्टरीतील बहुतेक फाइली ० लांबी सांगूनही वाचल्यावर मजकूर देतात, कारण तो वाचण्याच्या क्षणीच तयार होतो. लांबी पाहून तेवढीच जागा राखणारे आणि तेवढेच वाचणारे प्रोग्रॅम अशा ठिकाणी रिकाम्या हातांनी परततात.

सर्वाधिक गैरसमज वेळांच्या रकान्यांबद्दल आहेत. परंपरेने तीन वेळा मिळतात. ‘एटाइम’ म्हणजे फाइल शेवटची वाचली ती वेळ, ‘एमटाइम’ म्हणजे मजकूर शेवटचा बदलला ती वेळ, आणि ‘सीटाइम’ म्हणजे आयनोड शेवटचा बदलला ती वेळ. या तिसऱ्या नावातील ‘सी’ म्हणजे ‘क्रिएशन’ असे असंख्य लोक समजतात, आणि ते चूक आहे. येथे ‘सी’ म्हणजे ‘चेंज’. मजकूर बदलला की आकार आणि एमटाइम बदलतात, म्हणून सीटाइमही बदलतो. पण नुसत्या परवानग्या बदलल्या किंवा नवी हार्ड लिंक जोडली तर एमटाइम तसाच राहतो आणि सीटाइम पुढे सरकतो. जमिनीच्या भाषेत सांगायचे तर एमटाइम ही शेवटच्या पेरणीची तारीख, आणि सीटाइम ही दप्तरातील शेवटच्या नोंदीची. आणखी एक फरक व्यवहारात फार उपयोगी पडतो : ‘टच’ या आज्ञेने किंवा तिच्यामागच्या सिस्टीम कॉलने एटाइम आणि एमटाइम हवे तसे मागेपुढे करता येतात, पण सीटाइम ठरवण्याचा कोणताही मार्ग कर्नल देत नाही. जुनी तारीख लावून फाइल बदलणाऱ्याचा माग म्हणूनच सीटाइममध्ये सापडण्याची शक्यता अधिक असते. विंडोजवर पायथन ही भाषा याच नावाच्या रकान्यात निर्मितीची वेळ देत आली, त्यामुळे गोंधळात भरच पडली, ३.१२ या आवृत्तीपासून विंडोजवरील तो वापर कालबाह्य ठरवण्यात आला आहे.

निर्मितीच्या वेळेची कथा स्वतंत्र आहे. १९७१ च्या त्या ३४ बाइटांत निर्मितीच्या वेळेला जागा होती. पुढच्या आवृत्त्यांत ती गेली. लिनक्समध्ये निर्मितीची वेळ विचारण्याची सर्वसाधारण सोय २०१७ मध्ये, ४.११ या आवृत्तीतील स्टॅटएक्सने केली, आणि तीही फाइलव्यवस्थेने ती वेळ जपली असेल तरच. स्टॅटएक्सची घडण मला विशेष आवडते. विचारणारा आधी सांगतो की, मला यांपैकी अमुक रकाने हवे आहेत, आणि कर्नल उत्तराबरोबर कळवतो की, यांपैकी अमुक मी खरोखर भरले आहेत. जुन्या स्टॅटमध्ये ० दिसला तर तो खरा शून्य की माहितीचा अभाव, हे ओळखण्याचा उपाय नव्हता.

एटाइमवर फार विसंबू नये. प्रत्येक वाचनागणिक डिस्कवर एक लेखन करणे फार खर्चिक ठरते, म्हणून २००९ मधील २.६.३० या आवृत्तीपासून लिनक्स सर्वसाधारणपणे एटाइम तेव्हाच बदलतो, जेव्हा आधीचा एटाइम शेवटच्या बदलाहून जुना असतो किंवा २४ तासांपेक्षा अधिक जुना झालेला असतो. ‘ही फाइल आज सकाळपासून कोणी वाचली का’ या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर त्यातून मिळत नाही. डिरेक्टरीचा एमटाइमही असाच चकवतो : तो आतील यादीत नाव जोडले किंवा काढले तर बदलतो, आतील फाइलचा मजकूर बदलल्याने नव्हे.

एमटाइमवर मात्र रोजची प्रचंड कामे चालतात. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेला ‘मेक’ हा प्रोग्रॅम मूळ फाइलचा एमटाइम तयार फाइलच्या एमटाइमपेक्षा नवा आहे का, एवढेच पाहून पुन्हा बांधणी करायची की नाही ते ठरवतो. दोन ठिकाणच्या फाइली जुळवून ठेवणारा ‘आरसिंक’ आपणहून वेगळे न सांगितल्यास लांबी आणि एमटाइम जुळले की फाइल बदललेली नाही असे धरतो. फाइलींच्या आवृत्त्यांचा इतिहास जपणारा ‘गिट’ तर प्रत्येक फाइलच्या स्टॅटचे उत्तर आपल्या नोंदवहीत जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी नवे उत्तर जुन्याशी ताडतो, त्यामुळे हजारो फाइलींचा मजकूर न वाचता काय बदलले ते क्षणार्धात सांगतो. येथे वेळेच्या सूक्ष्मतेचा प्रश्न येतो. उताऱ्यात नॅनोसेकंदांपर्यंतचे आकडे छापलेले दिसले तरी वेळ घेणारे घड्याळ आजवर काही मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी पुढे जात आले आहे. एकाच टप्प्यात फाइल दोनदा बदलली आणि लांबी तीच राहिली, तर स्टॅटला दुसरा बदल दिसत नाही. गिट ही फट ओळखतो आणि नोंदवही लिहिली त्याच वेळेच्या किंवा त्यानंतरच्या फाइलींचा मजकूर खरोखर वाचून खात्री करून घेतो. कर्नलनेही २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ६.१३ या आवृत्तीत काही फाइलव्यवस्थांपुरता उपाय केला आहे : कोणी वेळ विचारून गेला असेल, तर त्यानंतरचा बदल अधिक बारीक घड्याळाने नोंदवला जातो.

या वेळा १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत मोजतात. हा आकडा ३२ बिटांत ठेवला तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही, आणि तो क्षण भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येतो. ६४ बिटांच्या यंत्रांवर ही अडचण नाही, आणि एक्स्ट४ चे आजचे २५६ बाइटांचे आयनोड २४४६ सालापर्यंतच्या वेळा नोंदवू शकतात. मात्र आयनोड पूर्वीच्या १२८ बाइटांचा ठेवून बनवलेल्या डिस्का अजून कपाटांत आणि कारखान्यांत आहेत.

भावंडांचा फरक आता सांगता येईल. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत सिम्बॉलिक लिंक आली; तिच्यात दुसऱ्या फाइलचा मार्ग लिहिलेला असतो. स्टॅट अशा लिंकपाशी आला की तिच्यामागे जातो आणि पलीकडच्या फाइलचा उतारा देतो. लिंकचाच उतारा हवा असेल तर एलस्टॅट. डिरेक्टऱ्यांत खोलवर उतरून फाइली पुसणाऱ्या प्रोग्रॅमने एलस्टॅट न वापरता स्टॅट वापरला, तर तो एखाद्या लिंकमागून भलत्याच डिरेक्टरीत शिरेल आणि तेथील फाइली पुसेल. एफस्टॅट मार्ग घेतच नाही. आधी उघडून हातात असलेल्या फाइलबद्दल तो सांगतो, मग दरम्यान तिचे नाव बदलो किंवा नाहीसे होवो.

एफस्टॅटचे मोल सुरक्षिततेच्या प्रश्नात कळते. समजा सर्वाधिकार असलेला एक प्रोग्रॅम सर्वांसाठी खुल्या डिरेक्टरीतील एक फाइल एलस्टॅटने तपासतो, ती साधी फाइल आहे आणि मालकही योग्य आहे असे पाहतो, आणि मग त्याच मार्गाने ती उघडून तिच्यात लिहितो. तपासणी आणि उघडणे यांच्यामध्ये काही मायक्रोसेकंद जातात, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणी ती फाइल काढून तिच्या जागी पासवर्डांच्या फाइलकडे नेणारी लिंक ठेवली, तर सर्वाधिकारी प्रोग्रॅम आपल्याच हातांनी पासवर्डांची फाइल बिघडवतो. उतारा काढला त्या दिवशी जमिनीवर बोजा नव्हता, म्हणून खरेदीखताच्या दिवशीही नसेल असे कोणी धरून चालत नाही, आणि हल्लेखोराला तर ही फट साधेपर्यंत हजारदा प्रयत्न करता येतो. योग्य क्रम उलटा आहे. लिंकमागे जाऊ नको असे बजावून आधी फाइल उघडावी आणि मग हातात आलेल्या वस्तूबद्दल एफस्टॅटने विचारावे. जी तपासली तिच्यातच आपण लिहितो आहोत, याची हमी तेव्हाच मिळते. लिनक्सने २०१२ मधील ३.६ या आवृत्तीत अशा खुल्या डिरेक्टऱ्यांतील परक्या लिंकांमागे जाण्याला आळा घालण्याची सोय केली, तरी त्या आधारावर प्रोग्रॅम उघडा ठेवणे बरे नव्हे.

फाइली नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर असतील तर ही फट मायक्रोसेकंदांची राहत नाही. आपल्याच डिस्कवरील फाइलींसाठी कर्नल नावे आणि आयनोड स्मृतीत जपतो, त्यामुळे दुसऱ्यांदा केलेला स्टॅट डिस्कपर्यंत जातही नाही आणि तरीही ताजे उत्तर देतो. नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या एनएफएस या व्यवस्थेवर मात्र प्रत्येक स्टॅट म्हणजे पलीकडच्या यंत्राला एक फेरी पडू शकते. लांबलचक यादी मागितली की लाखभर फाइलींची डिरेक्टरी म्हणूनच रखडते. या फेऱ्या वाचवण्यासाठी लिनक्सचा एनएफएस साध्या फाइलचे उत्तर, वेगळे काही न सांगितल्यास, किमान ३ सेकंद आणि जास्तीत जास्त ६० सेकंद जपून वापरतो. शेजारच्या यंत्रावर एखादी फाइल नुकतीच वाढली असेल, आणि आपल्या यंत्रावरील प्रोग्रॅम तिची लांबी पाहून ‘लिहिणे संपले, आता उचलू या’ असे ठरवत असेल, तर तो कदाचित मिनिटभरापूर्वीच्या उताऱ्यावर निर्णय घेत असतो. अशा ठिकाणी लिहिणाऱ्याने तात्पुरत्या नावाने लिहावे आणि काम पुरे झाल्यावर नाव बदलावे; मग वाचणाऱ्याला लांबी विचारण्याची गरजच उरत नाही, नाव दिसले की फाइल पूर्ण झाली.